५८८२३५२९४११७६४७ ही संख्या एवढी ‘चमत्कारी’ का वागते?

प्रश्न इंदूरमधल्याच एका शिक्षिकेचा आहे. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी त्यांच्या शाळेत भित्तिपत्रक करायचं आहे आणि आठवीतल्या एका मुलीने त्यासाठी ५८८२३५२९४११७६४७ ही संख्या आणली. सोबत गुणधर्मांची यादीही आणली. १७ने गुणलं की सगळे ९ येतात. २, ३, ४ असं १६पर्यंत कशानेही गुणलं की तेच अंक त्याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात बदलते. मधोमध तोडून दोन तुकडे मिळवले की पुन्हा सगळे ९. आणि शेवटी, अंकांची बेरीज ७२, म्हणजे ७ + २ = ९, ‘म्हणून ही संख्या शुभ’. ताईंनी एक्सेलमध्ये १७ने गुणून पाहिलं, तर ९ आलेच नाहीत, १ वर सोळा शून्यं आली. त्या विचारतात की यादी खरी की कॉम्प्युटर, हे सगळे योगायोग आहेत का, आणि भित्तिपत्रकावर यातलं काय घ्यावं.

ताई, यादीतले पहिले तीनही गुणधर्म खरे आहेत. पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. अशी यादी हातात आली की आपण गुणधर्म मोजायला लागतो, आणि जितके जास्त तितकी संख्या थोर, असं मुलांच्या मनात बसतं. मोजायची ती कारणं. दहा गुणधर्म एकाच कारणातून निघत असतील, तर तिथे एकच गोष्ट समजून घ्यायची आहे. ती समजली की अकरावा गुणधर्म मुलं स्वतः शोधतात. या संख्येत असं एक मोठं कारण आहे आणि त्याच्या शेजारी आणखी एक फार सुंदर कारण आहे. तुमच्या मुलीच्या यादीत ते दुसरं आलेलंच नाही.

आधी कॉम्प्युटरचं उरकून घेऊ. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच नेमके दाखवतो. आत साठवतानाही मर्यादा आहे: २चा ५३वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या पुढच्या विषम संख्या साठवायला त्याच्याकडे जागाच नसते. १७ने गुणल्यावर येणारे सोळा ९ ही विषम संख्या आहे आणि ती या मर्यादेच्या पलीकडची आहे, म्हणून तो शेजारच्या सम संख्येवर, १ वर सोळा शून्यांवर, जाऊन बसतो. मुलांना शीटमध्येच दाखवायचं असेल तर संख्या दोन खान्यांत तोडा: ५८८२३५२ आणि ९४११७६४७. उजव्या तुकड्याला १७ने गुणलं की १५९९९९९९९९ येतात. त्यातले शेवटचे आठ ९ तिथेच ठेवा, १५ हातचे. डाव्या तुकड्याला १७ने गुणलं की ९९९९९९८४, त्यात हातचे १५ मिळवा, झाले ९९९९९९९९. दोन्हीकडे आठ-आठ ९. कुणाला पायथॉन येत असेल तर हे तुकडेही नकोत, तिथे पूर्ण संख्या कितीही मोठी चालते.

आता एक गोष्ट, जिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. ही संख्या पंधरा अंकांची दिसते, पण ती सोळा अंकांची म्हणून लिहायची, पुढे शून्य देऊन: ०५८८२३५२९४११७६४७. शीटमध्ये हे शून्य आपोआप गळतं आणि वहीत मुलंही ते गाळतात. ते गाळलं की ‘तेच अंक फिरून येतात’ हे वाक्य खोटं ठरतं, कारण २ने गुणल्यावर ११७६४७०५८८२३५२९४ येतात आणि त्यात शून्य आहे. मधोमध तोडणंही शून्य धरूनच जमतं. एवढं मान्य केलं की बाकी सगळं सरळ आहे.

ही संख्या आली कुठून? १ ला १७ने भागा. दशांश चिन्हानंतर ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक येतात आणि मग तेच पुन्हा पुन्हा, कायम. म्हणजे ही १/१७ च्या आवर्ती दशांशाची एक फेरी आहे. वर्गात मी हे कधीही फळ्यावर सांगून टाकत नाही. मुलांना लांब भागाकार करायला लावतो आणि प्रत्येक पायरीची बाकी वेगळ्या रंगाने लिहायला सांगतो, कारण सगळी गंमत बाक्यांमध्ये आहे, भागाकाराच्या अंकांमध्ये नाही. १ पासून सुरुवात, प्रत्येक वेळी बाकीला १०ने गुणायचं आणि १७ने भागायचं. बाक्या अशा येतात: १, १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२, आणि मग पुन्हा १.

या रांगेकडे थोडा वेळ नुसतं बघू द्या मुलांना. १७ने भागल्यावर शून्य सोडून सोळाच बाक्या शक्य आहेत, १ ते १६. त्या सगळ्या इथे एकेकदा आल्या आहेत. एकही सुटली नाही, एकही दोनदा आली नाही. अंक फिरून येण्याच्या गुणधर्माचं संपूर्ण कारण हेच आहे. संख्येला २ने गुणणं म्हणजे २/१७ चा दशांश काढणं, म्हणजेच बाकी २ पासून भागाकार सुरू करणं. पण २ ही बाकी आपल्या रांगेत आहेच, अकराव्या जागी. तिथून पुढे जे अंक येत होते तेच येणार, शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीकडे वळणार. गोल पंगत बसली आहे आणि वाढायला सुरुवात वेगळ्या पानापासून केली, एवढाच फरक: बसलेली माणसंही तीच, क्रमही तोच. ३ने गुणलं तर बाकी ३ पासून सुरुवात, १७६४७०५८८२३५२९४१. १६ने गुणलं तर ९४११७६४७०५८८२३५२. आमच्या रामबागेतल्या रविवारच्या वर्गात अर्धी मुलं मराठी, अर्धी हिंदी बोलणारी असतात, आणि हा क्षण आला की कुणीतरी हमखास ओरडतं, ‘सर, ये तो घूम रही है!’ मला तो शब्द फार आवडतो. संख्या खरोखर फिरतेच, आणि ती का फिरते हे त्या मुलाने स्वतःच्या वहीतल्या रंगीत बाक्यांवरून नुकतंच पाहिलेलं असतं.

१७च्या पुढे गुणलं तर काय, हा प्रश्न मुलं विचारतातच. विचारला नाही तर आपण विचारावा. १००ने गुणा: ५८८२३५२९४११७६४७००. आता सतरा अंक झाले. उजवीकडचे सोळा अंक वेगळे ठेवा, डावीकडे उरलेला ५ त्यांच्यात मिळवा. ८८२३५२९४११७६४७००मध्ये ५ मिळवले की ८८२३५२९४११७६४७०५. हे पुन्हा तेच चक्र, १५ने गुणल्यावर येणारं. आणि १००ला १७ने भागल्यावर बाकी १५च राहते. १७च्या पटीतला नसलेला कुठलाही मोठा गुणक द्या, त्याची १७ने बाकी काढा, आणि सुरुवात कुठून होणार ते गुणाकार न करता सांगा. आठवीच्या मुलांना हा खेळ पुरून उरतो.

मधोमध तोडण्याचं कारणही त्याच रांगेत आहे. आठ पायऱ्यांनंतर बाकी १६ आली आहे, म्हणजे १७ला एक कमी. तिथून पुढची प्रत्येक बाकी पहिल्या अर्ध्यातल्या बाकीची जोडीदार आहे: १ आणि १६, १० आणि ७, १५ आणि २, १४ आणि ३, ४ आणि १३, ६ आणि ११, ९ आणि ८, ५ आणि १२. प्रत्येक जोडीची बेरीज १७. बाक्यांच्या जोड्या १७ला पुरत असतील तर भागाकाराचे अंक ९ला पुरणारच: ० आणि ९, ५ आणि ४, ८ आणि १. म्हणून ०५८८२३५२ अधिक ९४११७६४७ बरोबर ९९९९९९९९. हा गुणधर्म मिडी या फ्रेंच माणसाच्या नावाने ओळखला जातो, त्याने तो १८३६ मध्ये मांडला.

इथे वरच्या वर्गांसाठी एक प्रश्न राहतो. बरोबर अर्ध्या वाटेवर १६ ही बाकी आलीच पाहिजे का? सोळा पायऱ्यांनी बाकी १ होते, म्हणजे आठव्या पायरीच्या बाकीचा वर्ग १७ने भागून १ उरतो. १७ ही मूळ संख्या आहे, म्हणून वर्ग १ देणाऱ्या बाक्या दोनच: १ आणि १६. आठव्या पायरीला १ आली असती तर फेरी तिथेच संपली असती. ती संपली नाही, म्हणून १६च. यात १७ मूळ असणं खरोखर लागतं. ते नसेल तर काय होतं हे २१ वर पाहा. १/२१ ची फेरी ०४७६१९ ही सहा अंकांची आहे, पण ०४७ + ६१९ = ६६६. ९९९ येत नाहीत. मी हे उदाहरण कधीही सोडत नाही. गुणधर्म कुठे मोडतो हे पाहिल्याशिवाय तो का टिकतो हे मुलांना पटत नाही.

जाता जाता आणखी एक. या सोळा अंकांमध्ये ० ते ९ हे दहाही अंक आहेत. यादीत हे नाही, पण कुणीतरी ते नक्की दाखवेल आणि ‘बघा, पूर्ण संख्या’ म्हणेल. कारण साधं आहे. बाकी एकाने वाढली की पुढचा अंक १०/१७ने, म्हणजे एकापेक्षा कमीने सरकतो, त्यामुळे वाटेतला एकही अंक ओलांडला जात नाही. ७चं मात्र तसं नाही. १०/७ एकापेक्षा मोठा आहे, म्हणून १/७ च्या १४२८५७ या फेरीत ०, ३, ६, ९ उड्यांमध्ये सुटतात.

आता त्या दुसऱ्या, सुंदर कारणाकडे येतो.

आपण म्हटलं की ही संख्या गुणिले १७ म्हणजे सोळा ९. सोळा ९ म्हणजे आठ ९ गुणिले १०००००००१. नीट पाहू: १ नंतर सात शून्यं आणि मग १, म्हणजे १०००००००१, हा गुणक. आठ ९ ना १७ने भाग जात नाही, नाहीतर फेरी आठ अंकांतच संपली असती. तेव्हा १७ला जागा त्या दुसऱ्या गुणकात: १०००००००१ = १७ × ५८८२३५३. म्हणजे आपली सगळी संख्या म्हणजे ५८८२३५३ × ९९९९९९९९. हे दिसलं की मधोमध तोडण्याचा गुणधर्म पुन्हा एकदा, एका ओळीत सिद्ध होतो: आठ ९ने गुणायचं म्हणजे एक वजा करून डावीकडे लिहायचं, ५८८२३५२, आणि १०००००००० मधून वजा करून उजवीकडे, ९४११७६४७.

पण मला तुम्हाला दाखवायचं आहे ते हे ५८८२३५३. ही मूळ संख्या आहे. तिला ५८८ आणि २३५३ असं तोडा आणि दोघांचे वर्ग करा. ५८८चा वर्ग ३४५७४४. २३५३चा वर्ग ५५३६६०९. बेरीज करा: ५८८२३५३.

वर्गात हे पहिल्यांदा लिहिलं की मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, स्वतः गुणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. मग विचारायचं: हा योगायोग का? उत्तर शोधायला आपल्या भागाकाराच्या चौथ्या पायरीवर या. १००००ला १७ने भागलं की ५८८ आणि बाकी ४. त्या ४मुळे पुढचे चार अंक ५८८ × ४ म्हणजे २३५२ आले. २३५३ हा त्याहून एकने मोठा. तर आपल्या हातात दोन साध्या गोष्टी आहेत: ४ × ५८८ + १ = २३५३, आणि ४ × २३५३ + ५८८ = १००००. दुसरी ताडून पाहा: ९४१२ अधिक ५८८, बरोबर दहा हजार. आता ५८८२३५३ म्हणजे ५८८ × १०००० + २३५३. त्यातल्या १००००च्या जागी ४ × २३५३ + ५८८ ठेवा. एक तुकडा होतो ५८८ × ५८८. उरलेल्यातून २३५३ बाहेर काढा, कंसात राहतं ४ × ५८८ + १, जे स्वतःच २३५३ आहे. दोन वर्ग, दोन ओळी, आणि काहीही लपलेलं नाही.

हे एवढं जुळून का आलं, त्यामागे आपल्याकडची फार जुनी गोष्ट आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ‘भावना’ नावाची जी गुणाकाराची रीत मांडली, तिच्यातून निघतं की दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि सहसा दोन वेगवेगळ्या रीतींनी. १७ म्हणजे १६ + १, म्हणजे ४ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज. ५८८२३५३ म्हणजे २३५३ आणि ५८८ यांच्या वर्गांची बेरीज. तिरके आणि सरळ गुणाकार करा. एका रीतीने ४ × २३५३ + ५८८ = १०००० आणि २३५३ − ४ × ५८८ = १. म्हणजे गुणाकार दहा हजारांचा वर्ग अधिक १, तोच आपला १०००००००१. दुसऱ्या रीतीने ४ × २३५३ − ५८८ = ८८२४ आणि ४ × ५८८ + २३५३ = ४७०५. तेव्हा ८८२४ आणि ४७०५ यांच्या वर्गांची बेरीजही तीच यायला हवी: ७७८६२९७६ + २२१३७०२५ = १०००००००१. येते. मला या गणिताबद्दल मनापासून आदर वाटतो. चौदाशे वर्षांपूर्वीची एक रीत आणि आठवीतल्या मुलीने आणलेली संख्या, दोन्ही एकाच ओळीत बसतात, आणि मध्ये एकही गोष्ट गृहीत धरावी लागत नाही.

मुलांना अशीच लहान उदाहरणं हवी असतील तर १२३३ द्या: १२ आणि ३३ यांचे वर्ग मिळवून १२३३ येतात, आणि ८८ व ३३ यांचे मिळवून ८८३३. तिथे १०००१ = ७३ × १३७ हे काम करतं.

१७ × ५८८२३५३ = १०००००००१ या गुणाकाराचा घाटही नवा नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी १४२८५७१४३ × ७ = १००००००००१ असा गुणाकार दिला आहे. दोन्ही टोकांना सारखे दिसणारे असे गुणाकार त्यांनी मुद्दाम जमवले आणि त्यांना कंठाभूषणाची नावं दिली. भित्तिपत्रकावर हे दोन गुणाकार एकाखाली एक छान दिसतील. फक्त शून्यं मोजून लिहा. ७च्या गुणाकारात आठ आहेत, १७च्या गुणाकारात सात.

आणि अर्थातच कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिकवायचे आणि आयुष्यभर असल्या संख्यांच्या मागे होते. त्यांच्या नावाची एक जात आहे: संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, आणि ते मिळवले की मूळची संख्या परत यायला हवी. ४५चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. १/७ ची फेरी १४२८५७ हीसुद्धा कापरेकर संख्या आहे: तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. मग १७ची फेरीही असेल का? स्वाभाविक प्रश्न, आणि उत्तर ‘नाही’. पण तिथे थांबू नका, कारण तिच्या सोळा फिरत्या रूपांपैकी बरोबर एक रूप कापरेकर संख्या आहे.

कुठलं ते असं शोधायचं. संख्येचा वर्ग आणि ती संख्या यांच्यातला फरक सोळा ९ने भागला जायला हवा. हा फरक म्हणजे संख्या गुणिले तिच्याहून एक कमी. आपलं कुठलंही फिरतं रूप म्हणजे मूळ फेरीचा एक पट, आणि मूळ फेरीत सोळा ९मधला १७ सोडून बाकी सगळा वाटा आहेच. उरलेला १७ ‘एक कमी’मधून यायला हवा. म्हणजे असं रूप हवं ज्याला १७ने भागलं की १ उरतो. १/७ ची फेरी १४२८५७ला ७ने भागा, १ उरतो, म्हणून ती पहिल्याच फटक्यात चालली. आपल्या संख्येला १७ने भागलं तर ८ उरतात. ८ला कशाने गुणलं की १७च्या हिशोबात १ होतो? १५ने, कारण १२० म्हणजे सात सत्रे ११९ अधिक १. तेव्हा १५ पट, ८८२३५२९४११७६४७०५, हीच ती. तिचा वर्ग बत्तीस अंकांचा आहे. त्याचे दोन अर्धे ७७८५४६७१२८०२७६८० आणि १०३८०६२२८३७३७०२५. त्यांची बेरीज ८८२३५२९४११७६४७०५. मुलांकडून ही बेरीज हाताने करून घ्या. सोळा अंक, पाच मिनिटांचं काम, पण हातून झालं पाहिजे.

तुमचा ‘योगायोग का’ हा प्रश्न आता नीट विचारता येतो. १७ला हे सगळं जमलं, कारण १०ने गुणत गेलं की १७च्या सगळ्या बाक्या येऊन जातात. हे प्रत्येक मूळ भाजकाला जमत नाही. १३ घ्या: १/१३ ची फेरी ०७६९२३, फक्त सहा अंकांची. ०७६ + ९२३ = ९९९ होतात, ३ने गुणलं तर २३०७६९ असं फिरतंही, पण २ने गुणलं की १५३८४६, हे वेगळंच चक्र. शंभरच्या आत पंचवीस मूळ संख्या आहेत आणि त्यांतल्या नऊंना पूर्ण फेरी जमते: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. असे मूळ भाजक अनंत आहेत का? एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे आहेत, आणि १०च्या बाबतीत त्यांचं प्रमाण सुमारे ३७.४ टक्के असायला हवं. पण हे आजवर सिद्ध झालेलं नाही. भित्तिपत्रकावर ही ओळ मोठ्या अक्षरात लिहा असं मी आग्रहाने सांगेन. आपण हाताने केलेल्या भागाकारापासून दोन पावलांवर जगातल्या कुणालाही न सुटलेला प्रश्न उभा आहे, हे मुलांना कळायलाच हवं.

काय आपल्यावर अवलंबून आहे, तेही सांगतो. आपण दहाने मोजतो म्हणून ही संख्या अशी दिसते. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत १/१७ ची फेरी ००००११११, फक्त आठ अंकांची. अर्धे-अर्धे जुळतात, पण ३ने गुणलं की ००१०११०१, दुसरं चक्र. सगळ्या बाक्यांतून जाण्याचा गुणधर्म १०चा आणि १७चा मिळून आहे, एकट्या १७चा नाही. १७ = १६ + १ ही गोष्ट मात्र कुठल्याही पद्धतीत तशीच राहते.

शेवटचा ‘शुभ’चा मुद्दा. अंकांची बेरीज ७२ बरोबर आहे. पण सोळा ९ना ९ने भाग जातो, १७ला जात नाही, तेव्हा आपल्या संख्येला जाणारच, आणि ९ने भाग जाणाऱ्या प्रत्येक संख्येचे अंक मिळवत गेलं की ९च उरतात. १८चंही तसंच, ९९९चंही तसंच. मुलीला हे रागावून सांगू नका. तिला म्हणा की हा गुणधर्म खरा आहे, फक्त तो दर नऊ संख्यांमागे एकीला असतो, आणि मग वर्गाची हजेरी घेताना रोल नंबरांवर दाखवा.

भित्तिपत्रकासाठी माझा सल्ला असा. यादी लिहू नका. एक मोठं वर्तुळ काढा. बाहेरच्या बाजूला सोळा अंक, आतल्या बाजूला सोळा बाक्या. समोरासमोरचे अंक रेघेने जोडा: बाहेर प्रत्येक जोडी ९, आत प्रत्येक जोडी १७. फिरण्याचा गुणधर्मही त्याच चित्रात आहे, अर्धं तोडण्याचाही. सहावी-सातवीच्या मुलांसाठी एवढं पुरे. आठवीसाठी खाली ५८८ आणि २३५३ यांचे वर्ग आणि त्या दोन ओळी, सिद्धतेसकट. नववी-दहावीची मुलं असतील तर ब्रह्मगुप्ताची रीतही घ्या. कापरेकरांचं उत्तर लिहू नका, फक्त विचारा: सोळांपैकी कुठलं रूप?

जागा उरली तर शेजारी दुसरं वर्तुळ काढा, अठरा रिकाम्या जागांचं, आणि वर फक्त १/१९ लिहा. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी एकेक बाकी काढून ते भरायचं. तिथलं कापरेकर रूप तुमच्याकडे असू द्या, म्हणजे तपासता येईल: मूळ फेरीची १४ पट, ७३६८४२१०५२६३१५७८९४.